शिंप्याची खिडकी

डोंगराच्या कुशीत एक लहानसं गाव होतं आणि त्या गावात कोंडिबा नावाचा शिंपी राहत होता. अंगरखा असो, चोळी असो, बाळाचं टोपडं असो, त्याच्या हातची शिवण उसवायची नाही. दोन खोल्यांचं त्याचं कौलारू घर होतं, यमुना नावाची शांत बायको होती आणि एकुलती एक मुलगी, गिरजा, डोंगरापलीकडच्या गावात सुखानं नांदत होती.

गावातला म्हातारा सुतार लेकाकडे कायमचा राहायला निघाला. जाताना त्यानं कोंडिबाकडून एक बंडी शिवून घेतली, आणि जुनी हत्यारं ओझं नको म्हणून त्याच्याच ओट्यावर ठेवून गेला. करवत, रंधा, पटाशी, हातोडी.

कोंडिबानं गंमत म्हणून एका फळीवरून रंधा फिरवला. लाकडाची पातळ साल गोल वळून वर आली, ओल्या सागाचा वास सुटला, आणि त्याला फार बरं वाटलं. त्या फळीचा त्यानं पाट केला. यमुना त्यावर जेवायला बसली. "चांगला झालाय हो," ती म्हणाली.

मग त्यानं दुसरा पाट केला. मग चौरंग, मग फळ्यांचं फडताळ. घरात जागा उरली नाही, तेव्हा तो शेजाऱ्यांना पाट वाटू लागला. शेजारी साळूबाई राहायची, चणे-चुरमुरे भाजून विकणारी विधवा. तिच्या घरी तिसरा पाट आला, तेव्हा ती हसून म्हणाली, "कोंडिबा, बसणारी मी एकटीच आहे रे!"

तिकडे कापडांचे गठ्ठे तसेच पडून राहू लागले. एका नवरदेवाचा अंगरखा वेळेवर झाला नाही. तो बिचारा जुन्याच अंगरख्यात बोहल्यावर चढला. त्याच्या आईनं दारात येऊन चार शब्द सुनावले. कोंडिबानं मान खाली घालून ऐकून घेतलं. ती गेल्यावर त्यानं पुन्हा रंधा उचलला.

थंडीच्या दिवसांत गिरजाचा निरोप आला. पहिलं बाळंतपण होतं, ती माहेरी येणार होती.

यमुनेनं आतली खोली सारवली. मग ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, त्या खिडकीची झडप नीट लागत नाही. बोटभर फट राहते. बाळंतिणीला वारा लागेल. तेवढी बसवून द्या. बाकी खोली छान आहे."

"एवढंच ना? आत्ता करतो," कोंडिबा म्हणाला.

त्यानं झडप काढली आणि रंधली. जरा जास्तच रंधली गेली, आणि बोटभर फट होती तिथं चार बोटं झाली. नवी झडप करावी म्हणून त्यानं चौकटीचं माप घेतलं, तर चौकटच तिरकी निघाली. तिरक्या चौकटीत सरळ झडप कशी बसणार? त्यानं चौकट उपसली. चौकटीबरोबर मातीच्या भिंतीचा मोठा ढलपा खाली आला. तिथं वरच्या तुळईचं टोक टेकलेलं होतं. त्यानं घाईघाईनं खाली टेकू दिला आणि तुळईवरचं ओझं कमी करावं म्हणून त्या बाजूची कौलं उतरवली.

प्रत्येक वेळी त्याला वाटायचं, आता फक्त एवढं एकच काम राहिलं. आणि खरं सांगायचं तर, त्याला त्या दिवसांत आनंदच होत होता. सकाळी उठला की आज काय करायचं ते त्याला आधीच ठाऊक असायचं.

कौलं अंगणात रचलेली पाहून कुंभार चौकशीला आला. ती कौलं त्याच्याच भट्टीतली होती. त्यानं खोलीत जाऊन वर पाहिलं. वर निळं आभाळ दिसत होतं.

"कोंडिबा, पोर कधी येणार तुझी?"

"येईल चार-सहा दिवसांत."

"मग असं कर. उद्या सकाळी आम्ही चौघं येतो. भिंतीचं भगदाड माती-दगडानं बुजवू, दुपारपर्यंत कौलं चढवू. झडपेच्या जागी घोंगडी लाव. बाकीचं होळीनंतर निवांत कर."

यमुना दारात उभी होती. ती चटकन म्हणाली, "हो हो, या तुम्ही. मी भाकऱ्या करून ठेवते."

कोंडिबानं वर पाहिलं. आता छत उघडंच झालं होतं, तर तिथं एक माळा काढता आला असता. जुन्या तुळईच्या जागी नवी घालता आली असती, आणि तिच्यावर वेलबुट्टी कोरली असती. बाळ उताणं पडल्या पडल्या ती वेलबुट्टी बघेल, असंही त्याच्या मनात आलं. बाळासाठीच तर करायचं होतं सगळं.

"नको," तो म्हणाला. "आता उघडलंच आहे, तर अर्धवट कशाला? एकदाच काय ते नीट करतो."

"पोर उघड्यावर येईल रे."

"ती यायच्या आत होतंय."

कुंभार निघून गेला. यमुनेनं आतल्या खोलीतलं अंथरूण गोळा केलं आणि बाहेरच्या खोलीत, फळ्यांच्या ढिगाशेजारी नेऊन ठेवलं.

गिरजा आली तेव्हा कोंडिबा भिंतीवर चढून बसला होता. बैलगाडी अंगणात थांबली. कौलांच्या राशींमधून वाट काढत, एका हातानं कंबर धरून गिरजा दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली. आतल्या खोलीत ऊन आणि वारा. बाहेरच्या खोलीत तुळया, फळ्या, गुडघाभर भुसा. एका चौरंगावर खिळे होते, दुसरा टेकूखाली सारलेला होता. अंथरुणावर धूळ बसली होती.

तिनं वर पाहिलं. "आबा," ती म्हणाली, "मी बसू कुठं?"

ती रागावली नव्हती. दमली होती, आणि खरोखरच विचारत होती.

कोंडिबानं भिंतीवरून सगळीकडे नजर फिरवली. इतके दिवस तो याच घरात राबत होता, पण जड अंगाची लेक टेकेल एवढी मोकळी जागा त्याला कुठं दिसेना. "थांब, जागा करतो," असं म्हणत तो खाली उतरू लागला.

तोवर साळूबाई कुंपणापाशी आली होती. "गिरजे, माझ्याकडं चल बाई. भट्टीनं घर उबदार आहे."

गिरजा गेली. तिचं गाठोडं घेऊन यमुनाही गेली. जाताना यमुनेनं मागं वळून पाहिलं नाही.

"संध्याकाळपर्यंत होईल सगळं!" कोंडिबा मागून ओरडला.

तो एकटाच कामाला भिडला. घाईत त्यानं जुन्या तुळईचा टेकू हलवला. तुळई कुरकुरली, घसरली आणि धाडकन खाली आली. येताना उरलेली अर्धी भिंत घेऊन आली. धूळ खाली बसल्यावर त्याला दिसलं की तुळई भिंतीलगतच्या कोपऱ्यात आडवी पडली आहे. बाळंतिणीची बाज तिथंच टाकायची, असं यमुनेनं ठरवलं होतं.

बराच वेळ कोंडिबा ढिगाऱ्यावर बसून राहिला. मग उठला आणि कपडेही न झटकता कुंभाराच्या घरी गेला.

"कौलं चढवायला येता का?" त्यानं विचारलं.

"येतो की. पण तो माळा?"

"नको."

"आणि वेलबुट्टी?"

"काही नको. होतं तसं करू."

चौघं आले, पण आता काम अर्ध्या दिवसाचं राहिलं नव्हतं. अख्खी भिंत उभी करायची होती, आणि थंडीत ओली माती लवकर वाळत नव्हती. भिंत कमरेएवढी झाली होती, तेव्हा एका पहाटे साळूबाईच्या घरी गिरजाला मुलगा झाला. भिंत खांद्याला लागली, तेव्हा बाळाचं बारसं झालं, तेही साळूबाईच्याच घरी. गावातल्या बायका हळदकुंकू घेऊन तिच्याच दारात गेल्या. कोंडिबा बाळाचा आजा, पण तो परक्यासारखा उंबऱ्याबाहेर उभा राहिला. शेवटी साळूबाईच म्हणाली, "अरे, आत ये ना. संकोच कसला?"

त्याच्यासमोर घुगऱ्यांचं ताट आलं. त्यानं ते तसंच बाजूला ठेवलं.

भिंत वाळली, कौलं चढली. तोवर जावई न्यायला येण्याची वेळ जवळ आली होती. शेवटचे थोडे दिवस गिरजा बाळाला घेऊन आपल्या माहेरी राहायला आली. यमुनेनं भुसा झाडून काढला होता, फळ्या गोठ्यात नेऊन टाकल्या होत्या. खोली पूर्वीपेक्षा साधीच झाली होती. नवी भिंत घाईत लिंपलेली, एका जागी चांगलीच फुगलेली होती.

गिरजा भिंतीला टेकून बसली. "धरा आबा," ती म्हणाली आणि तिनं बाळ कोंडिबाच्या मांडीवर ठेवलं.

बाळ झोपलं. कोंडिबाची नजर वर गेली आणि भिंतीच्या त्या फुगवट्यावर थांबली. यमुनेनं ते पाहिलं. गिरजानंही पाहिलं.

कोंडिबानं नजर खाली घेतली. बाळाची मान नीट आपल्या हातावर घेतली. जाग येऊन ते दुधासाठी रडेपर्यंत तो जागचा हलला नाही.

तात्पर्य एवढंच: घरच्यांसाठी म्हणून काही करायला घेतलं, तर त्यापायी घरच्यांनाच जागा उरेनाशी होण्याआधी हात थांबवावा.