भागूच्या चुकीचा बहावा

पाहुणे, तो समोरचा डोंगर बघा. वैशाखात वरून खालपर्यंत पिवळाधमक होतो. सगळा बहावा! आणि तो लावला एका सुनेने अन् तिच्या सासूने, असं सांगतात.

डोंगर बोडका होता तेव्हाची गोष्ट. येसूचा नवरा तापाने अंथरुणाला खिळला. येसूने डोंगरावरच्या देवीला नवस बोलला, "हे उठू देत. तुझा डोंगर बहाव्याने पिवळा करीन, आणि पहिला कोंब दिसेपर्यंत माहेरी पाऊल टाकणार नाही."

नवरा आठवड्यात उठून भाकरी मागू लागला. कोंब मात्र काही दिसेना! तीन पावसाळे येसूने बी पेरलं. पण ते मुलखाचं टणक, भिजून भिजून तसंच राहायचं. तिकडे आई थकत चाललेली. येणाऱ्याजाणाऱ्याला एकच विचारायची म्हणे, "माझी येसू कधी येते?" निरोप आला की येसू चुलीपुढे बसून रडायची आणि धुराचं निमित्त सांगायची.

सासू भागू. डोळ्यांनी अधू, पण हात स्वस्थ बसेल तर शपथ! चौथ्या वर्षी येसूने पेरायला ठेवलेलं ओंजळभर बी तिला कुळीथ वाटलं. उसळीसाठी मोड आणायचे म्हणून तिने त्यावर कढत पाणी ओतलं. येसूने ते पाहिलं आणि धावत येऊन पातेलं ओढून घेतलं.

"आत्याबाई, काय केलंत हो! बी भाजलं. आता कसली जाते मी माहेरी?"

म्हातारी कानकोंडी झाली. त्या दिवशी घरात कुणी धड जेवलं नाही.

सकाळी बी फेकायला भागूने पातेल्यात हात घातला, तर दाणे मऊ, टम्म फुगलेले. जन्मभर कडधान्याला मोड आणलेला हात तो, त्याला कळलंच! गुपचूप फडक्यात बांधून ती रोज पाणी शिंपडत राहिली. सहाव्या दिवशी तिने हाक मारली, "येसू, ये गं. मला मेलीला दिसत नाही, तूच बघ."

फडक्यात पांढरे कोंब होते. येसू सासूच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. मग म्हणाली, "चला, आधी पेरून येऊ."

"मी पेरते चाचपून," भागू म्हणाली. "तू आईकडे पळ. डोंगर कुठे जातोय?"

येसू पोचली तेव्हा आई दारातच बसली होती म्हणे.

आजही आमच्याकडे बहाव्याच्या बियांवर कढत पाणी सासूच ओतते. बी फुगायची वाटही न बघता सून त्याच दिवशी माहेरी निघते, आणि रेंगाळली तर सासू भांडून धाडते.