बुवांनी गंडा कापला

एकदा एका पेठेच्या गावी एक वृद्ध गायक राहत होते. सारे त्यांना बुवा म्हणत. शाळेचे तोंड त्यांनी कधी पाहिले नव्हते; पण कंठात दोनशे-सव्वादोनशे चिजा होत्या. गावातल्या एका कापड व्यापाऱ्याची मुलगी गिरिजा त्यांच्याकडे सात वर्षे गाणे शिकत होती. तिच्या मनगटावर बुवांनी गंडा बांधला होता. गंडा म्हणजे लाल दोरा. तो एकदा बांधला की शिष्याने दुसऱ्या कुणापुढे शिकायला बसायचे नाही, असा त्या घराण्याचा रिवाज.

गिरिजा बारावी झाली आणि शहरातल्या महाविद्यालयात संगीताची पदवी घ्यायची म्हणाली. प्रवेशाला दोन दिवस उरले होते. वसतिगृहाच्या अर्जावर पालकाची सही हवी होती, आणि व्यापारी काही सही देईना. बोलून बोलून थकल्यावर त्याला एक युक्ती सुचली. पोरगी बापाचे ऐकणार नाही, पण गुरूची आज्ञा कशी मोडेल? त्या दिवशी गुरुपौर्णिमा होती. सगळे शिष्य जमलेले असताना तो तिला घेऊन बुवांपुढे उभा राहिला.

"बुवा, आता तुम्हीच सांगा हिला. गाणं काय कॉलेजात शिकतात? घंटा वाजली की भैरव बंद, तोडीचा तास सुरू! आणि शिकून करणार काय? वरातीत गाणार?"

एक जुना शिष्य म्हणाला, "तिकडं पाऊण तासात राग संपवतात म्हणे. आपल्या बुवांचा तर तंबोराच तेवढ्यात लागत नाही."

सारे हसले. बुवाही हसले. मग म्हणाले, "गिरिजे, तू बोल."

"मला गाण्यावरच जगायचंय, बुवा. शाळेत शिकवीन, रेडिओवर गाईन, कुणाच्या साथीला पेटी धरीन. पण दुकानात ठाण उलगडत बसणार नाही. तुम्ही नको म्हणालात, तरी..."

बुवांनी पानाच्या डब्यातून अडकित्ता काढला, तिचा हात जवळ ओढला आणि सर्वांदेखत गंडा कापला.

गंडा कापणे म्हणजे शिष्याला दाराबाहेर काढणे, याहून दुसरा अर्थ तिथे कुणालाच ठाऊक नव्हता. व्यापाऱ्याचाही चेहरा उतरला. एवढे त्यालाही नको होते. गिरिजाने मनगटाकडे पाहिले. सात वर्षे ऊन न लागलेली एक फिकट रेघ तिथे होती. डोळे भरले, पण ती मागे सरली नाही.

"तरी मी जाणार, बुवा."

"जाच. म्हणून तर कापला." बुवा सावकाश बोलू लागले. "ऐका शेठ. चाळीस वर्षांमागं एका शाळेला गायनमास्तर हवा होता. मी गेलो. हेडमास्तर म्हणाले, गा. मी गायलो. त्यांच्या डोळ्यांना धार लागली. मग डोळे पुसून म्हणाले, परीक्षेचा दाखला? मी म्हटलं, आत्ता ऐकलात तो काय होता? त्यांनी हात जोडले, आणि जागा दुसऱ्याला दिली. तेव्हापासून मी कॉलेजाला नावं ठेवतोय. ह्या सगळ्यांना तेच शिकवलं. गाण्यापायी नव्हे; मला लागलं होतं म्हणून. तिथं गळा तयार होत नाही म्हणता? न होवो. तो इथं झालाय. तिथं ही चिजा लिहून ठेवायला शिकेल, दहा घराण्यांचं ऐकेल, आणि कुणी दाखला मागितला तर मान खाली घालणार नाही. गंडा हातात ठेवून गेली असती, तर चोरासारखी शिकली असती. माझी शिष्या चोरासारखी का शिकेल?"

"आणि तुमचं गाणं विसरली तर?" व्यापाऱ्याने विचारले.

"दोरीनं बांधल्याशिवाय जे राहत नाही, ते विसरलेलं काय वाईट?"

व्यापारी हट्टाने म्हणाला, "मी सही करणार नाही."

"नका करू. पालक म्हणून माझा अंगठा चालतो का, ते मी तिथंच जाऊन विचारतो."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत गिरिजा बसली. शेजारी धुतलेल्या धोतरात बुवा. गाव मागे पडल्यावर तिने हळूच विचारले, "बुवा, खरं सांगा. माझ्यावर रागावला नाहीत?"

"रागावलो होतो ना," बुवा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "तू जन्मायच्या आधीपासून. काल उतरला."