झाडाच्या वतीने

"पंच बोलले की ते झाडाचंच बोलणं. त्यावर पुन्हा विचारायचं नाही." गुंजी मुंगीला हा नियम अंड्यातून बाहेर येताच ऐकवला गेला.

फार पूर्वी एका आंब्यावर तांबड्या मुंग्यांची वसाहत होती. मावा किडे पाळून त्यांचा गोड रस काढायचा, हा त्यांचा धंदा. मावा झाडाला शोषतो, म्हणून झाडाचं भलंबुरं पाहायला पंच होते. पण त्यांना नेमत रसाच्या कोठारवाल्या. पंच पानांच्या घरट्याबाहेर पाऊल टाकत नसत. वर्षातून एकदा म्हणत, "झाड खुशाल आहे." सगळ्यांनी एकमेकींना मिशा लावल्या की झालं मंजूर.

गुंजीने मोहोर एकदाच पाहिला होता, अगदी लहानपणी. त्या वासाच्या ओढीने ती दर हिवाळ्यात शेंड्यावर जाई आणि कोरड्या काड्या हुंगून परत येई.

यंदा कोठारवाल्या थोरल्या काकी म्हणाल्या, "तूही हो पंच. आत बस, रस पी, गप्प राहा."

"पंच सगळ्यांनी निवडायचे. त्यांनी शेंड्यापर्यंत चढायचं आणि दिसेल ते सगळ्यांसमोर सांगायचं. असं असेल तर होते मी पंच," गुंजी म्हणाली.

"कालची अंड्यातली पोर, नियम बदलते!" पंच खिदळले. "झाड खुशाल आहे. लाव मिशा."

"नाही लावणार. आधी सांगा काकी, मोहोराचा वास कसा असतो?"

काकींनी तोंड उघडलं. पण तो वास आठवेना; मावा झाडाला शोषत होता आणि मोहोर येऊन वर्षं लोटली होती. पंचांनाही तो आठवेना.