मल्लाचे पारणे

एकदा एका वृद्ध वैद्याच्या अंगणात नेहमीसारखे काढे उकळत असताना निरोप आला : व्यापाऱ्याचा मुलगा अखेर जेवायला तयार झाला आहे.

आखाड्यात वाढलेल्या त्या मुलाने कित्येक महिने अन्न टाळले होते. हाडे दिसू लागली, तरी लोक म्हणत, "काय निग्रह आहे पोराचा!"

"तू पुढे हो, मी आलोच," वैद्य आपल्या शिष्याला म्हणाले. तो धावत निघाला. अशाच उपासाने खंगलेल्या एका मुलीला त्याने नुकतेच जपून सावरले होते : चमचा-चमचा पेज, आणि दर वेळी नाडी. पण हा तर मल्ल! व्यापाऱ्याच्या घरी मुलापुढच्या ताटात पुरणपोळी होती, वर तुपाची धार. नाडी न पाहताच शिष्य म्हणाला, "वाढा, पोटभर वाढा."

मुलाने पहिला घास उचलला, तोच वैद्य आत आले आणि त्यांनी ताट ओढून घेतले.

"अहो, लेकराच्या तोंडचा घास काढता?" आई कडाडली.

"शिव्या मागाहून द्या, माई. आधी पातळ पेज करा."

मुलगा हसला. "पेज म्हाताऱ्यांनी प्यावी, गुरुजी. मी मल्ल आहे."

"मग उठून दाखव, मल्ला."

तो उठला, आणि भिंत धरून खाली घसरला. शिष्याने मनगट धरले. एक ठोका लागला. दुसरा इतक्या उशिरा आला की शिष्याने घाबरून वैद्यांकडे पाहिले.

दिवस कलेपर्यंत वैद्य मुलाच्या उशाशी बसून चमच्याने पेज पाजत राहिले. नाडी जरा सावरली, तेव्हा ते हलक्या आवाजात शिष्याला म्हणाले, "उपाशी देहावर अन्न एकदम लोटले, तर हृदय बंद पडू शकते. तिथे मुलगा-मुलगी हा भेद नाही. भेद आपल्या नजरेत आहे. त्या मुलीची पाळी थांबली, म्हणून तिची आई घाबरून आली. मुलाच्या देहात तशी खूण नसते. त्याच्या उपासाला आपण तप म्हणतो आणि उशिरा पोहोचतो. म्हणून त्याची नाडी आधी पाहायची."

शिष्याने पुन्हा मुलाचे मनगट हातात घेतले. ती मुलगी का जेवत नाही, हे तिला घरादाराने विचारले होते, त्यानेही विचारले होते. या मुलाला ते अजून कोणीच विचारले नव्हते.