बहिरं पिल्लू

"पण अप्पा, विकत घेतलेली वस्तू खोटी निघाली तर परत करायचा हक्क गिऱ्हाइकाला आहे की नाही?"

"आहे," मठाचे स्वामी अप्पा म्हणाले.

रेवणसिद्ध वकील जरा सैलावला. लहानपणी याच मठात अप्पांच्या हाताखाली तो शिकला होता. आज तरातरा ओसरीवर आला होता तो काखेत कुत्र्याचं तांबूस पिल्लू घेऊन. शहरातल्या दुकानातून हौसेनं आणलेलं. घरी आल्यावर कळलं, ते ठार बहिरं आहे.

"दुकानदाराला ठाऊक होतं, अप्पा. मी विचारलं तर म्हणाला, एकदम ठणठणीत आहे. तोंडावर खोटं! कायदा दाखवल्यावर नरमला. म्हणतो, हे आणून द्या, दुसरं न्या."

"मग?"

"निघालोच होतो. वाटेत म्हटलं, पाया पडून जावं."

मठ त्याच्या वाटेवर नव्हता.

अप्पांनी हात पुढे केले. पिल्लू त्यांच्या मांडीवर चढलं आणि कफनीची कड चघळू लागलं.

"दुकानदार याचं काय करील?"

 हे रेवणसिद्धनंही दुकानात विचारलं होतं. दुकानदारानं हसून नुसता बाहेर हात दाखवला होता.

"रस्त्यावर सोडील..." तो हळूच म्हणाला. "गाड्यांचा रस्ता आहे, अप्पा. याला हॉर्नसुद्धा..."

अप्पा पिल्लाचे कान कुरवाळत राहिले.

वकिलाचा आवाज चढला. "म्हणजे मी मुकाट बसायचं? त्या लबाडाला मोकळं सोडायचं?"

"छे! तक्रार कर. चांगली खणखणीत कर. उद्या आणखी कुणाला फसवायला नको त्यानं."

"आणि हे?"

"यानं कधी फसवलं तुला?"

 

अप्पांनी पिल्लू उचलून रेवणसिद्धच्या तोंडासमोर धरलं. पिल्लानं त्याचं नाक चाटलं, मग चष्मा चाटला. काचा ओल्या झाल्या. त्या पुसायच्या सोडून त्यानं पिल्लाला छातीशी धरलं.



"पण अप्पा, जन्मभर हाका मारल्या तरी हे माझं ऐकायचं नाही."

अप्पा हसले.

"तू तरी इतक्या वर्षांत माझं कुठं ऐकलंस, रेवण्णा? तुला परत दिलं का मी कुणाला?"