मान फिरवणारं पोर

“पाच महिन्यांचं पोर माणसाकडे बघून हसत नाही, तर आम्ही काय समजायचं?”

मठाच्या ओट्यावर चढता चढताच मथुराबाईंनी विचारलं. गावात त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. कडेवर नातू. सून नलू खाली पायरीशी उभी. सासूसमोर सुनेनं बसायचं नाही, ही त्या घरची रीत.

मठातल्या चांगुणाआई वाती वळत होत्या.

“तुला काय वाटतं?”

“बाधाच! खुळखुळा वाजवा, टाळ्या वाजवा, हे आपलं मान फिरवतं. मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या, अंगारा लावला. आणि ही महामाया! बाळंत झाल्यापासून तोंडाला कुलूप. पोराला पाजते, पण बघते कुठं तिचं तिला ठाऊक. डिंकाचे लाडू घातले, शेक-शेगडी केली. मी काय कमी केलं हो? उद्या हिला माहेरी धाडते. पोर माझ्यापाशी राहील. बरोबर ना?”

नलूनं मान वर केली नाही.

चांगुणाआईंनी हातातली वात खाली ठेवली आणि मथुराबाईंकडे बघितलं.

...

“आई, मी विचारतेय.”

भुवईसुद्धा हलली नाही.

मथुराबाई हसल्या. “मौन धरलंत वाटतं?”

...

“माझं काही चुकलं का?” आता आवाज चढला. त्यांनी पुढं सरकून म्हातारीचा गुडघा हलवला. “अहो, बोला की! एवढी उन्हाची आले मी!”

म्हातारीचे डोळे त्यांच्यावरच होते. पण त्यात कुणी नव्हतं.

...

मथुराबाईंच्या कपाळावर घाम आला. काय करावं कळेना. भर पंचायतीत ज्यांची नजर कधी खाली गेली नव्हती, त्यांनी तोंड अंगणाकडे वळवलं.

“का गं?” चांगुणाआई एकदम म्हणाल्या. चेहरा पुन्हा नेहमीसारखा, सुरकुत्या जागच्या जागी. “तुलाही बाधा झाली?”

मथुराबाईंनी कडेवरच्या पोराकडे बघितलं. मग पायरीशी उभ्या नलूच्या कोऱ्या चेहऱ्याकडे.

“माहेरी नाही धाडत,” त्या हळू म्हणाल्या. “पण पोराला काय देऊ, आई? काहीतरी द्या की.”

चांगुणाआईंनी वात पुन्हा उचलली.

“पोराला काही नको. खाली जा, सुनेसमोर बस. ती बोलेपर्यंत उठू नकोस.”