कोंबड्याने उलथवलेले कुंडे

पूर्वी अरिमंडल नगरात धृतिसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका विणकरणीच्या परसात कोंबडा होऊन जन्मले. राजाला त्या परसाची खबरही नव्हती. पण नऊ कोंबड्यांचे सारे जग तेवढेच होते.

विणकरणीचे नाव तिलका. तिला मूलबाळ नव्हते, त्यामुळे कोंबड्यांवर तिचा फार जीव. उजाडताच ती खुराडे उघडी, घाण झाडून काढी, अंग घोळायला राख पसरी, मूठमूठ कणी टाकी. पाणी मात्र अर्ध्या कोसावरून डोक्यावर आणावे लागे. म्हणून कोंबड्यांच्या कुंड्यातले शिळे पाणी फेकणे तिला पाप वाटे. त्यावरच ती नवे ओती आणि समाधानाने मागावर बसे.

पाहता पाहता तीन कोंबड्या माना टाकून मेल्या. बोधिसत्त्वांनी कारण ओळखले. कोणी चोच लावायच्या आत ते रोज कुंड्याला लाथ मारू लागले. कुंडे जड, ते कलंडे, पाणी सांडे आणि कुंडे पुन्हा जागेवर बसे.

"मान मोडेस्तोवर पाणी वाहते मी, आणि हा मेला सांडतो!" तिलका कडाडली.

"असल्या माजोऱ्याचा रस्सा कर की," शेजारीण पिंगला म्हणाली.

"उद्या सांडलंस तर तेच करीन बघ," तिलकाने कोंबड्याला बजावले.

कोंबड्यांचे धाबे दणाणले. "दादा, कुंपण ठेंगणं आहे. पळून जा."

"मी गेलो तर उद्या तुम्ही तेच पाणी प्याल," बोधिसत्त्व म्हणाले.

सकाळी त्यांनी सारे बळ एकवटून कुंडे पुरते पालथे केले आणि तिथेच उभे राहिले. तिलका सुरी घेऊन आली. तिने त्यांना काखेत धरले आणि कुंडे उचलले, तो बोटे बुळबुळीत गाळात गेली. गाळात अळ्या वळवळत होत्या. दर्प नाकात शिरताच तिला मेलेल्या तिघी आठवल्या.

तिने सुरी टाकून दिली. "हे मी पाजत होते! माझ्या हातांनी! आणि तुलाच कापायला निघाले, रे बाबा." कोंबड्याला उराशी धरून ती ढसाढसा रडली.

मग तिने राखेने कुंडे लख्ख घासले आणि ताजे पाणी भरले. साही जणी प्याल्यावर बोधिसत्त्वांनी चोच बुडवली. "यापुढे आधी तुमचं कुंडं, मग माझा माठ," ती हात जोडून म्हणाली. जन्मभर तिने हा नेम पाळला.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची तिलका म्हणजे विहारातले रांजण घासणारी ही उपासिका सोमा. पिंगला म्हणजे तिची थट्टा करणारी तिची जाऊ. कोंबडा मीच होतो. सुरी दिसत असूनही जो दुसऱ्याच्या तहानेची काळजी करतो, त्याच्या ठायी मैत्री असते. मैत्री मी तेव्हा आचरली. पण जन्मभर आधी आमचे कुंडे भरून कृतज्ञता मला सोमाने शिकवली."